घागरींच्या रांगेतली शाळा

परवा सकाळी दुकानाचं शटर वर केलं, तर समोर गल्लीत पुन्हा घागरी लागलेल्या. लाल, निळी, पिवळी, हिरवी, मधीच एक तेलाचा रिकामा डबा. माणूस एकही नाही. आमच्या लातूरला पाण्याच्या रांगेत माणसं उभी राहत नाहीत, भांडी उभी राहतात. आपली घागर लावायची, ओळखायला तिच्या गळ्यात चिंधी बांधायची आणि सावलीला जाऊन बसायचं. टँकर कधी येईल ते टँकरवाल्यालाही ठाऊक नसतं. पण ठेवलेली घागर कुणी मागं सारायची नाही, हा गल्लीचा कायदा. सरकारचे कायदे मोडलेले लई पाहिले. हा मोडलेला क्वचितच पाहिला.

सून चहा घेऊन आली. म्हणाली, "मामा, औंदाबी लागल्या बघा."

तिच्या आवाजात काळजी होती, आणि ती बरोबरच होती. माझ्या तोंडात मात्र त्या रंगांकडं बघून इंग्रजी आलं. रेड, ब्लू, यल्लो, ग्रीन. सून हसली. तिच्या लेकीची शाळा तिलाही आठवली असणार.

मी चौथी शिकलेला माणूस. इंग्रजीशी माझी गाठ पडली ती दाढी पांढरी झाल्यावर, लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात. शिकवणारी माझी नात, शिवकन्या. ती आज थायलंडात बालवाडीच्या लेकरांना इंग्रजी शिकवते. तिथली लेकरं तिला टीचर म्हणतात, पण तिचा पहिला वर्ग ह्या गल्लीत भरला होता, आणि त्या वर्गातला सगळ्यात आडमुठा विद्यार्थी मी होतो. हे मी अभिमानानं सांगतो. मला अभिमान जरा जास्तच आहे, असं घरातले म्हणतात. असू दे.

आमचं भांड्यांचं दुकान. मूळ गाव अहमदपूर तालुक्यातलं. जिल्हा नवा झाला तेव्हा बाप म्हणाला, आता लातूरला हापिसं येतील, साहेब लोक येतील, त्यांना भांडी लागतील, चल. आलो. साहेब लोक भांडी आपापल्या गावाहून घेऊन आले, तो भाग वेगळा. पण दुकान चाललं ते लग्नांवर. आंदणाची भांडी घ्यायची आणि त्यावर नाव घालून घ्यायचं, ही आपल्याकडची रीत. ते नाव कोरायचं यंत्र मी हातात धरलं ते अजून सोडलं नाही. लिहिणं म्हणजे माझ्यासाठी तेवढंच: नवरा, नवरी, मुक्काम, तालुका, जिल्हा. नवा जिल्हा झाला त्या साली एक म्हातारा लग्नातली जुनी पितळी घागर घेऊन आला होता. म्हणाला, "ह्यावरचं उस्मानाबाद खोडा आन् लातूर घाला." पितळेवरचं कसं खोडणार? मी शेजारी लातूर कोरून दिलं. म्हातारा दोन जिल्ह्यांची घागर डोक्यावर घेऊन खुशीत गेला. जिल्हा बदलला की पाणीही बदलेल, असं तेव्हा सगळ्यांनाच वाटायचं.

त्या रेल्वेच्या उन्हाळ्यात पितळ कुणी घेईना. प्लास्टिकच्या घागरी, पिंपं आणि पाइप, एवढंच खपायचं. स्टीलच्या ताटांवर धूळ बसायची, आणि ती पुसायला ओलं फडकं वापरायची चोरी. लग्नंच थांबली होती. ज्यांच्या पत्रिका छापून झाल्या होत्या त्यांनीसुद्धा तिथी पुढं ढकलल्या. आमच्या घरचं लग्नही त्यातच. शिवकन्येची सुपारी फुटली होती औशाला. पाहुणे म्हणजे सिद्रामअप्पा. त्यांची औशाच्या बाजारात आडत, मुलगा त्यांच्याच हाताखाली, निर्व्यसनी. सोयरीक मीच आणलेली. मार्च सरता सरता सिद्रामअप्पा स्वतः आले. शरणार्थ, म्हणजे आमच्या लिंगायतांतला नमस्कार, झाला; बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"अप्पा," ते मला म्हणाले, "मांडव घालू हो. जेवणबी घालू. पण पंगतीतल्या माणसाला हात धुताना 'जपून' म्हणायची पाळी आली, तर ते लग्न म्हणायचं का?"

"मग?"

"पाऊस पडू द्या. हिरीला पाणी आलं की दुसऱ्या दिवशी तिथी काढू."

ठरलं. आजवर लग्नं हुंड्यावरून थांबलेली पाहिली होती, मानपानावरून थांबलेली पाहिली होती. हात धुवायच्या पाण्यावरून थांबलेलं आमचंच.

शिवकन्या तेव्हा नांदेडहून नुकतीच आली होती. तिथं हॉस्टेलात राहून इंग्रजी घेऊन बी.ए. केलेलं, वर लहान लेकरांना शिकवायचा कोर्स. इथं भरती निघत नव्हती. तिची नांदेडची एक मैत्रीण थायलंडात शिकवायला गेलेली. तिच्या शाळेत एक जागा अचानक रिकामी झाली. पावसाळा लागता लागता रुजू व्हायचं. शाळेची अट एकच: खऱ्या लेकरांना शिकवतानाचा व्हिडिओ पाठवा, पूर्ण इंग्रजीत, मधी आपली भाषा नको. पसंत पडला तर या.

तिनं हे घरात सांगितलं तेव्हा माझा मुलगा बसवराज, म्हणजे तिचा बाप, हातातलं ताट ठेवून उठला. "लग्न ठरलेली पोरगी इमानात बसवायची? औशाला काय तोंड दाखवू?"

मी म्हणालो, "इथली लेकरं काय मेली का? शिकवायचं तर हितं शिकव."

"हितं कुणी शिकवू द्यायला लागलं का, आज्जा?" ती म्हणाली. "एक वरीस जाऊ द्या. औशाचे लोक थांबले तर थांबतील. पण पाऊस आला आन् तिथी निघाली की मला कुणी इचारणारच न्हाई."

म्हणजे गाठ अशी पडली. सगळं लातूर आभाळाकडं डोळे लावून बसलं होतं, आणि आमच्या घरात एक पोरगी मनात हिशेब करत होती, पाऊस आधी की शाळेचं उत्तर आधी. एकदा भाकरी थापता थापता बोलून गेली, "आठ दिवस उशिरा आला तरी चालंल बाई मला." मी ओरडलो, "असं बोलू नये!" तिनं भाकरी तव्यावर टाकली, पीठ लागलेला हात कपाळाला लावला आणि आभाळाची माफी मागितली. त्या हातवाऱ्यानं माझा अर्धा विरोध गळाला. उरलेला अर्धा मी जपून ठेवला, कारण लगेच हो म्हणायची आमच्या घराण्यात पद्धत नाही.

व्हिडिओला लेकरं लागणार होती. शाळांना सुट्ट्या. लेकरं होती घागरींपाशी, राखण करत. आया रांगेत लेकरू ठेवून कामाला जायच्या. मग शिवकन्या तिथंच गेली. पहिल्या दिवशी लेकरं तिच्याकडं बघायला तयार नव्हती, त्यांचं ध्यान घागरीत. तिनं काय केलं, तर घागरीच शिकवायला घेतल्या. लाल घागरीवर टिचकी, रेड. निळीवर टिचकी, ब्लू. रिकाम्या घागरी वाजतात झकास. लेकरांना वाजवायचं निमित्त मिळालं. थोड्याच दिवसांत अख्खी रांग ढोलासारखी वाजायला लागली आणि रंग ओरडायला लागली.

पुढं उड्या मारणं आलं, बेडूक होणं आलं, नाक-कान-डोळे दाखवणं आलं. लेकरं लाजायची. एक बारकी पोरगी म्हणाली, "आज्जा करत न्हाईत, मग आमी कामून करायचं?"

शिवकन्या माझ्याकडं आली. मी दुकानाच्या पायरीवर.

"आज्जा, उठा. तुम्ही पाच वर्साचे व्हा."

"मी कुणाच्या हाताखाली शिकत नसतो."

"चौथीपर्यंत कुणाच्या हाताखाली शिकलाव?"

"तेव्हाबी मास्तर माझ्या हाताखाली होता."

सावलीला बसलेल्या बाया फिदीफिदी हसल्या. एक म्हणाली, "आज्जा, इंग्लिसमधी नाक कुठं असतंय वो?" दुसरी म्हणाली, "ह्यांचं नाक लई वर असतंय, घावायचं न्हाई!" आता माघार घेतली असती तर गल्लीत राहायची सोय उरली नसती. उठलो. धोतराचा सोगा खोचला. नोज म्हटल्यावर नाकाला हात लावला, इअर म्हटल्यावर कानाला. टोज म्हटलं तेव्हा कंबर तेवढी वाकेना, तर लेकरांनी मला ओढून वाकवलं. बेडूक मात्र मी झालो नाही. शेवटपर्यंत झालो नाही. काहीतरी राखून ठेवावं माणसानं.

त्या उन्हाळ्याचा वास अजून माझ्या नाकात आहे. तापलेल्या प्लास्टिकचा. डांबराचा. आणि टँकरची नळी सुटल्यावर पहिल्या धारेबरोबर येणारा गंजाचा वास, जो तेव्हा आम्हाला अत्तरासारखा वाटायचा. मी सकाळची लिंगपूजा चमचाभर पाण्यानं करायचो आणि तेच पाणी तीर्थ म्हणून घ्यायचो. शिवकन्या समोर बसून ओंजळ पुढं करायची. थेंब थेंब. त्या ओंजळीतलं काही खाली सांडलेलं मला आठवत नाही.

व्हिडिओचा दिवस आला. बसवराजला दुकानाच्या पायरीवर बसवलं होतं, तोंड फुगवून का होईना मोबाईल तोच धरणार होता. मला ताकीद होती: मधी मराठी बोलायचं नाही. सुरुवात छान झाली. रंग झाले, नाक-कान झाले. शिवकन्या अशी हसत होती की उन्हाचा पत्ता नव्हता. आणि ऐन मधी कोपऱ्यावर टँकरचा हॉर्न वाजला.

वर्ग उडाला. लेकरं घागरींवर तुटून पडली, बाया धावल्या, लोटालोटी. माझ्या तोंडून, ताकीद विसरून, अस्सल मराठी निघाली, जी मी इथं लिहीत नाही. बसवराज घाबरून मोबाईल बंद करायलाही विसरला. शिवकन्या क्षणभर उभी राहिली. मग ओढणी कमरेला बांधली आणि सरळ गर्दीत घुसली. एक एक घागर नळीखाली धरायची आणि ओरडायची, "रेड!" ज्या लेकराची ती त्यानं "मी! मी!" म्हणत यायचं. मग निळी. मग हिरवी. थोड्या वेळानं लेकरंच ओरडायला लागली, "ब्लू माझी हाय! यल्लो मागं जा!" भांडणं तीच, फक्त रंग इंग्रजी.

दुसऱ्यांदा काढायला लेकरंही थांबली नाहीत आणि मोबाईलची बॅटरीही. तिनं तोच पाठवला. रात्रभर रडली असेल, पण मला दाखवलं नाही. आमच्याच घरची.

तिकडच्या शाळेच्या मोठ्या बाईंनी तिच्याशी मोबाईलवर बोलणं केलं. मी दाराआड उभा. समजलं काहीच नाही. नंतर तिनं सांगितलं, बाईंनी एकच विचारलं: लेकरं पळाली तेव्हा तू त्यांना रागावली का नाहीस? हिनं सांगितलं, रागवायचं काय, पाणी आलं होतं.  बाई म्हणाल्या, ये.

आता हे सगळं जुनं झालं. पण तिच्या तिथल्या गोष्टी ऐकल्या की मला वाटतं, ही पोरगी दुष्काळ बरोबर घेऊन गेली, शिदोरीसारखा. तिथं पोचली त्या संध्याकाळी खोलीत नळ सोडला, पाणी आलं. हिनं बादली भरली. मग पातेली, तांब्या, पेला, फुलदाणीसुद्धा. नळ चालूच. मग खोलीच्या मालकीणबाईंकडून आणखी एक बादली मागून आणली. मालकीणबाई वर बघायला आल्या, की ही पोरगी करते काय. जमिनीवर पाय ठेवायला जागा नव्हती, सगळीकडं भरलेली भांडी. बाईंनी नळ बंद केला, पुन्हा सोडला, पुन्हा बंद केला. लेकराला दाखवावं तसं. तो कधीही येतो, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

आणि तिथला एप्रिल. आपल्याकडं एप्रिल म्हणजे जीभ टाळूला. तिथं एप्रिलात त्यांचं नवं वर्ष, आणि ते लोक रस्त्यावर एकमेकांच्या अंगावर बादल्यांनी पाणी उडवतात. पहिल्या वर्षी ती म्हणे भिंतीला टेकून उभी राहिली, खेळलीच नाही, नुसती रस्त्यावरून वाहत जाणारं पाणी बघत राहिली. त्याच दिवसांत शाळेत एक रीत असते. शिक्षिका ओळीनं बसतात, हात पुढं करतात, आणि लेकरं लहानशा वाटीतून त्यांच्या हातांवर फुलं घातलेलं वासाचं पाणी ओततात. पाणी खाली ठेवलेल्या भांड्यात पडू द्यायचं आणि लेकराला आशीर्वाद द्यायचा. शिवकन्येपुढं एक बोबडं लेकरू आलं, वाकलं, वाटी कलती केली. हिच्या ओंजळीत पाणी आलं आणि ही ते पिऊन मोकळी झाली! ओला हात डोक्यावरून फिरवला. तीर्थच ते. दुसरं काय करतात ओंजळीतल्या पाण्याचं?

 अत्तर घातलेलं पाणी, पोट बिघडेल म्हणून एक शिक्षिका धावली. लेकरांना मात्र एवढा आनंद झाला की पुढचं प्रत्येक लेकरू हटून बसलं, टीचर, माझंही पी. शेवटी मोठ्या बाईंनी तिच्या लेकरांच्या वाट्यांत साधं प्यायचं पाणी घातलं. आता दर वर्षी तिच्या वर्गाच्या वाट्यांत तेच असतं. हे तिनं फोनवर सांगितलं तेव्हा बसवराज हसून लोळला. मी नाही हसलो. दुकानात जाऊन यंत्र चालू केलं आणि एका ताटावर उगीच रेघा मारल्या.

लोक म्हणतात, दुष्काळानं आम्हाला काय दिलं? खरं आहे. आमच्या गावाकडची जनावरं छावणीत गेली ती सगळी परत आली नाहीत. मोसंबीच्या बागांचं सरपण झालं. मी दुष्काळाचे उपकार मानले तर लोक जोडे मारतील, आणि मारावेत. मला आभार मानायचेत ते एका माणसाचे, आणि ते मानायला मला दुष्काळ मधी आणावाच लागतो.

शाळेचं उत्तर आलं तेव्हा आभाळ भरून येत होतं. बसवराज औशाला जायला तयार होईना. "तुम्हीच सोयरीक आणली, तुम्हीच जा." बरोबर बोलला. मी गेलो. एकटा, एस.टी.नं. आयुष्यात कुणाकडं काही मागितलं नव्हतं मी. उधार दिलेलं परत मागतानाही जीभ जड व्हायची. वाटेत बोलायची वाक्यं जुळवत होतो आणि प्रत्येक खड्ड्यात ती मोडत होती.

सिद्रामअप्पा ओसरीवर होते. शरणार्थ झाला. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. मी नुसता हात लावला. मग सरळ बोललो. "पोरगी वर्षभर परदेशात जाईन म्हणते. लेकरांना शिकवायला. तुम्ही वर्षभर थांबाल का, एवढं मागायला आलो."

 आतून सूप पाखडल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"पोराचं वय चाललंय अप्पा," ते म्हणाले. "मी न्हाई थांबणार."

"बरं," म्हणालो. उठायला लागलो.

"बसा. अजून बोलणं संपलं न्हाई माझं." त्यांनी टोपी नीट केली. "आता लोकाला काय सांगणार?"

"खरं ते सांगू. पोरगी जाणार म्हणून मोडलं."

"म्हंजे तिच्यावर येणार. लगीन मोडून गेलेली पोरगी. उद्या परत आली तर तिच्या दारात कोण येईल?"

"मग तुम्ही सांगा, तुम्ही मोडलं म्हणून."

"मग म्हणतील, पोरीत काय खोट निघाली? तरीबी तिच्यावरच." त्यांनी अंगणातल्या कोरड्या हौदाकडं बोट केलं. "मोडलं म्हणायचंच न्हाई. पाण्यानं ऱ्हायलं म्हणायचं. औंदा कितीतरी लग्नं पाण्यानं ऱ्हायली. त्यात एक आमचं. कोण इचारतंय?"

 एवढ्या वर्षांत मी माणसं पाहिली नाहीत असं नाही. असा नव्हता पाहिला.

"न्हाई म्हणलो त्याचा राग धरू नका," ते म्हणाले. "बाप हाय मी, पोराचं बघावं लागतंय. पण पोरगी तुमची असली तरी इतके महिने आमचीबी होती. पाणी प्या आता."

मी तांब्या उचलला. वरून धार धरून सगळा प्यालो.

त्यांनी शब्द पाळला. त्यांच्या मुलाचं लग्न दिवाळीनंतर झालं, निलंग्याची मुलगी. मी आहेर घेऊन गेलो होतो. पंगतीत माझ्यासमोरच कुणीतरी त्यांना विचारलं, "ते लातूरचं स्थळ होतं की हो, त्याचं काय झालं?" त्या साली पाऊस धो धो झालेला. मांडवाच्या मागं पाण्याची टाकी भरून सांडत होती. सिद्रामअप्पा वाढत होते. मान वर न करता म्हणाले, "पाण्यानं ऱ्हायलं." आणि माझ्या पानात आणखी एक पुरणपोळी टाकली. शिवकन्येबद्दल आजवर ना लातुरात कुणी वाकडं बोललं, ना औशात. एका वर्षासाठी गेलेली पोरगी अजून तिथंच आहे, रमलेली. मागच्या साली सिद्रामअप्पा गेले. आता हे लिहायला हरकत नाही.

त्या दिवशी औशाच्या ओसरीवरून उतरलो, बाजार ओलांडून स्टँडवर आलो. लातूरची गाडी लागलेली, कंडक्टर हाका मारत होता. मी एक पाय पायरीवर ठेवला आणि काढून घेतला. वळलो, तसाच परत त्यांच्या घरापर्यंत चालत गेलो. ओसरीवर कुणी नव्हतं. वाकलो, उंबऱ्याला हात लावला, तो कपाळाला लावला आणि आलो. गाडी गेली होती. दुसरी येईपर्यंत उन्हात बसून राहिलो. कुणी पाहिलं असेल तर पाहिलं असेल.